चौकटीत न मावलेला डोंगर

त्या दिवसांत आमच्या घरात सकाळचा पहिला आवाज असायचा तो दगडावर पोलाद घासल्याचा. आईच्याही आधी बाबा उठायचे, मोरीजवळच्या खिडकीत तेलाचा दगड मांडायचे आणि पेटीतल्या पटाशा एकेक करून घासायला घ्यायचे. घाई नाही, जोर नाही. पीठ मळावं तसा एकसारखा हात. मग मनगटावरचे दोन केस कापून धार बघायची, फडक्यानं पुसायची, की पुढची. सगळ्या झाल्या की त्या तेलकट कापडात गुंडाळून पेटीत आणि पेटी कॉटखाली. दिवसभर त्या पटाशांना काही काम नसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बाहेर, पुन्हा दगड. आई चहा ठेवता ठेवता म्हणायची, "घासू घासू संपवता का त्याले?" बाबा म्हणायचे, "गंजन." बस, एवढंच. त्यांचं बोलणं त्या वर्षी असं एकेका शब्दावर आलं होतं.

आम्ही कसबा पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. खाली छापखाना होता आणि मागच्या आळीत तांब्याची भांडी ठोकणारे. छापखान्याचं यंत्र दिवसभर धापा टाकायचं आणि मागून हातोड्यांचा पाऊस. पुण्याच्या लोकांना पाट्या लावायची भारी हौस, पण आमच्या आळीत 'शांतता राखा' अशी पाटी लावायची कुणाची छाती नव्हती; कारागिरांनी तीच पाटी ठोकून परात केली असती. आई सकाळची वंदना म्हणायची तीसुद्धा या ठोक्यांच्या तालात. तिला पुण्यात येऊन पंचवीस वर्षं झाली होती, तरी तिची चूल अमरावतीकडचीच राहिली. रविवारी पातोडीचा रस्सा, एरवी भाकरी आणि ठेचा, अंबाडी मिळाली तर सण. इथल्या आमटीतला गूळ तिला कधीच पटला नाही. म्हणायची, "सगळा गोडवा वरनातच टाकतात हे लोक, मंग बोलाले काय उरन?"

बाबा पॅटर्नमेकर होते. म्हणजे काय, हे मला जन्मभर लोकांना समजावून सांगावं लागलं आहे, तर इथंही सांगते. यंत्राचा भाग लोखंडात ओतायचा असेल तर आधी तो हुबेहूब लाकडात करतात. तो लाकडी भाग वाळूत दाबायचा, अलगद उचलून घ्यायचा, आणि वाळूत जी पोकळी उरते तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. लाकूड जितकं खरं, तितकं लोखंड खरं. ओतणाऱ्याचं कौतुक होतं, यंत्र चालवणाऱ्याचं होतं. ज्यानं पहिल्यांदा तो आकार डोळ्यांपुढं आणला त्याचं नाव कुणी घेत नाही. आमच्या आजोबांनी दुसऱ्यांच्या शेतात राबण्यात आयुष्य घालवलं. रंधा, पटाशी, करवत यांच्याशी आमच्या जातीचा संबंध नव्हता; नव्हता म्हणजे ठेवू दिला नव्हता. बाबांनी आयटीआयमध्ये हे शिक्षण घेतलं आणि पुण्याला आले. कारखान्यात पहिल्याच आठवड्यात एकानं विचारलं, "तुमच्यात कधीपासनं रंधा धरायला लागले?" बाबा म्हणाले, "काल सकाळपासून." हा किस्सा ते स्वतः कधी सांगत नसत. त्यांच्याबरोबरचे माने काका सांगायचे, आणि दर वेळी मांडीवर थाप मारायचे.

मग कारखान्यातलं पॅटर्न शॉप बंद झालं. आता नकाशा संगणकावर निघणार होता आणि साचा यंत्र कापणार होतं. पस्तीस माणसांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. हा शब्द ज्यानं काढला त्यानं कधी कुणाची इच्छा विचारली नव्हती, हे मी त्या वर्षी किमान दहा पत्रकांत लिहिलं असेल. मी एकवीस वर्षांची होते, कॉलेजात नावापुरती आणि कामगार संघटनेत पूर्ण वेळ. संघटनेच्या अण्णांनी मला पत्रक लिहायला शिकवलं होतं. वाचणारा बस यायच्या आत वाचून संपवेल इतकंच लिहायचं. शत्रू पहिल्या ओळीत दिसला पाहिजे आणि बळी दुसऱ्या. 'कदाचित' हा शब्द वापरायचा नाही. मी तशी लिहायचे आणि तशीच बोलायचेही. माझ्या घरात एक बळी तयारच होता, रोज सकाळी खिडकीत बसून धार लावणारा. अण्णांनी ठरवलं होतं की कारखान्याच्या फाटकासमोर मोठी सभा घ्यायची आणि तिथं बाबांनी बोलायचं. मी बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "पाहू." मी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला.

अशा वेळी निनाद आमच्याकडं आला. तो समोरच्या इमारतीतला, माझ्याबरोबर वाढलेला. आता एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, सहा महिने अमेरिकेत राहून आला होता आणि सिंहगड रस्त्यावर खडकवासल्याच्या बाजूला त्यानं फ्लॅट घेतला होता. आईसाठी बदामांचा डबा घेऊन आला. आईनं त्याच्यापुढं चहा ठेवला तो आमच्या गोल स्टुलावर. ते स्टूल म्हणजे बाबांनी केलेला एका मोठ्या दातेरी चाकाचा पॅटर्न. कारखान्यानं नकाशा बदलला म्हणून तो बाद झाला होता. निनाद लहानपणापासून त्यावर बसत आला होता, पण त्या दिवशी त्यानं कप उचलून हातात घेतला आणि चाकाच्या दात्यांवरून बोट फिरवलं.

"काका, हे हातानं केलंय?"

"मंग पायानं करतात?" बाबा म्हणाले. महिन्याभरातलं त्यांचं ते सगळ्यात मोठं वाक्य असावं.

निनादनं मग आपलं गाऱ्हाणं सांगितलं. तो आणि त्याचे पाच-सहा मित्र रविवारी टेबलावर युद्धाचा खेळ खेळायचे. बोटभर उंचीचे रंगवलेले सैनिक, फासे आणि मोजायची टेप. कुठला सैनिक किती इंच चालणार हे ठरलेलं. टेप लावायची आणि तेवढंच सरकवायचं. पण सपाट टेबलावर लढाईला मजा नाही. डोंगर पाहिजे, घळ पाहिजे, पूल पाहिजे. अमेरिकेतून येताना त्यानं मुलांच्या जोडायच्या प्लास्टिकच्या विटा आणल्या होत्या, कुणीतरी वापरून विकायला काढलेल्या, दोन पोती भरून. त्यांचे डोंगर करायला गेले, तर कुणी वाकून फासा टाकला आणि कोपर टेकलं की अख्खा डोंगर खाली. "आम्ही सगळे इंजिनिअर आहोत काका," निनाद म्हणाला, "म्हणून तो पडतो."

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "तुम्ही लोकांनी कारखाने बंद पाडायचे, आणि वर कारागिराकडनं खेळणी करून घ्यायची?"

"मी काकांचा कारखाना बंद पाडला नाही, सुजाता. मी बँकांचं सॉफ्टवेअर करतो."

"तेच ते."

"बरं, तेच ते. मग काकांना विचारू का, की आधी तुमच्या संघटनेची परवानगी काढावी लागते?"

बाबा या भांडणात नव्हतेच. निनादनं नमुन्याला आणलेल्या दोन विटा त्यांच्या हातात होत्या. त्यांनी त्या एकमेकींवर बसवल्या, काढल्या, पुन्हा बसवल्या, कानाजवळ नेऊन तो बारीक 'टक्' ऐकला. खिडकीकडं धरून बाजू बघितली. मग हळू आवाजात, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "हिचा साचा कोणं कापला असंन?" आणि थोड्या वेळानं, "एवढा मापात. बाप्पा."

दोन पोती दुसऱ्या दिवशी आली. पुढचे दीड-दोन महिने आमच्या घरात पाय टाकायला जागा नव्हती, आणि मला खरं सांगायचं तर, एवढं बरं घर मी त्यानंतर फार थोड्या वेळा पाहिलं. आईच्या सगळ्या पराती, ताटं, भाकरीची टोपलीसुद्धा विटांनी भरली. पोतं ओतलं की धान्य ओतल्यासारखाच आवाज व्हायचा. आई सवयीनं पाखडायला सूप घेऊन बसली आणि स्वतःच हसली. करड्या आणि मातकट विटा एकीकडं, बाकीचा लाल-पिवळा-निळा पसारा दुसरीकडं. निनाद ज्याला 'टेरेन' म्हणायचा त्याला बाबा पहिल्या दिवसापासून 'जमीन' म्हणाले. एक फूट लांब-रुंद प्लायचे चोवीस तुकडे, एकमेकांना लावले की सहा बाय चार फुटांची जमीन होणार. तुकडे फिरवले की दर रविवारी नवा मुलूख. त्यातले सहा तुकडे जोडून लांबलचक डोंगर, बाकीच्यांवर दगडाची भुकटी गोंदात बसवून केलेलं माळरान, ओढा, पूल, पडकी भिंत.

बाबांची काम करायची पद्धत कारखान्यातलीच होती. आधी खडूनं फरशीवर पुरता नकाशा, खऱ्या मापाचा. मग प्लायवर पहिला थर चिकटवायचा, आणि त्यावरचं सगळं नुसतं दाबून बसवायचं, म्हणजे उचलता यावं. वाळूतून पॅटर्न न मोडता निघावा लागतो, तशी त्यांच्या हाताला सवय होती की केलेली प्रत्येक गोष्ट कुठून तरी अलगद सुटली पाहिजे. डोंगराचा माथा उचलला की आत गुहा, गुहेत सैनिक ठेवायला जागा. विटांचे सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, म्हणून कोपर टेकलं काय, मी एकदा पाटा ठेवून बघितला, तरी डोंगर हलला नाही. करड्या विटा कमी होत्या, म्हणून त्या बाहेरून आणि लाल-पिवळ्या सगळ्या पोटात. आईनं विचारलं, "एवढा हिशेबानं कायले लावता ते आतमंदी? कोणाले दिसते?" बाबा म्हणाले, "मले ठाऊक राह्यते ना." ती मग डोंगराकडं मान तिरकी करून बघत राहिली आणि म्हणाली की हा काही इकडला डोंगर नाही, हा मेळघाटातला आहे. बाबांनी नाकारलं नाही.

एक अडचण मात्र रोज यायची. डोंगराच्या तुकड्यांवर विटांची रांग कडेपर्यंत न्यायची होती. विटांच्या पाठीवर गोल गुंड्या असतात, माप त्यांवर धरायचं. अडतीस गुंड्यांची रांग बसली की शेवटी एक चिमूटभर फट उरायची. एकोणचाळिसावी गुंडी मावत नव्हती आणि अडतीसला कमी पडत होतं. बाबा चष्मा पुसून पुन्हा पुन्हा मोजायचे. त्यांना हे आवडलं नाही, कारण ज्यानं एवढ्या मापात वीट केली तो असं अर्धवट माप सोडणार नाही, असं त्यांचं मत. शेवटी त्यांनी सागाची एक सूतभर जाड पट्टी काढून ती फट भरली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; घरात आईसुद्धा भाजीची फोड सुतात सांगायची.

मी त्याच खोलीत, त्याच पसाऱ्याच्या कडेला बसून सभेचं पत्रक लिहिलं. आजही ते माझ्या फायलीत आहे आणि ते चांगलं लिहिलेलं आहे, हीच वाईट गोष्ट आहे. त्यात शेवटाकडं असं होतं: 'ज्याच्या सात पिढ्यांना हातभर जमीन मिळाली नाही, ज्यानं तीस वर्षं या शहराच्या यंत्रांना आकार दिला, तो कारागीर आज संगणकवाल्यांच्या पोरखेळासाठी प्लास्टिकच्या जमिनी करतो आहे. याहून मोठी विटंबना कोणती?' खालच्या छापखान्यात ते छापलं, ओलं असतानाच वर आणलं. माझं प्रत्येक पत्रक बाबा आधी वाचायचे. हेही वाचलं, नीट घडी घातली आणि म्हणाले, "छपाई स्वच्छ आहे." आळीत ते पत्रक मी घरोघर दिलं, भांडी ठोकणाऱ्यांच्या दुकानांत दिलं, सलूनमध्ये ठेवलं. त्या दिवसापासून बाबा दार लावून काम करायला लागले. आमचं दार दिवसा कधी लागत नसे. मला वाटलं, वाऱ्यानं भुकटी उडते म्हणून. एकवीस वर्षांच्या प्रचारकाला सगळ्या जगाचं दुःख कळतं, फक्त घरातलं दार का लागलं ते कळत नाही.

ठरल्या रविवारी सकाळी निनादच्या गाडीतून दोन खेपा करून चोवीस तुकडे त्याच्या फ्लॅटवर गेले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, कारखान्यात साहेबांपुढं पॅटर्न न्यायचा असला की घालायचे तो. मी मुद्दाम बरोबर गेले. कारण उघड होतं: शत्रूचं घर बघायचं आणि सोमवारच्या सभेत त्याचं वर्णन करायचं. घर साधंच निघालं. हॉलमध्ये खुर्च्यांपेक्षा वायरीच जास्त, आणि मधोमध मोठं टेबल. निनादनं ते सुताराकडून करून घेतलं होतं, फासे खाली पडू नयेत म्हणून चारी बाजूंनी दोन बोटं उंच पट्टी, आतून बरोबर सहा बाय चार फूट. पाच मित्र होते. त्यांनी डोंगराचे तुकडे उघडून बघितले आणि आरडाओरडा केला तो खराच आनंदाचा होता, हे मला तेव्हाही कळलं आणि राग आला.

बाबांनी पहिला तुकडा कोपऱ्यात बसवला. दुसरा, तिसरा. सांधा दिसत नव्हता. पाचवा बसला. सहावा तुकडा त्यांनी वरून धरला आणि तो खाली गेलाच नाही. जवळपास बोटभर जागा कमी पडत होती. त्यांनी पाचही तुकडे मागं सारून घट्ट केले, पुन्हा धरला. नाही. आडव्या बाजूनं लावून बघितले, तिथं चौथा अडला.  मग त्यांच्यातला एक उंच, शेंडी बांधलेला मुलगा टेप घेऊन वाकला, एक तुकडा मोजला आणि हसून म्हणाला, "काका, तुमचा फूट जरा मोठा आहे हो!"

बाकीचे हसले. आज लिहिताना सांगते, ते कुचेष्टेनं हसले नव्हते. पण मला तेवढंच पुरे होतं. मी सुरू झाले. कुणाला हसताय, या हातांनी तीस वर्षं काय केलंय ते माहीत आहे का, तुमचं टेबलच खोटं असेल, तुम्हाला लढाई हा खेळ वाटतो कारण तुमच्या घरात कधी कुणी हरलं नाही, माझ्या बापाला या वयात ही वेळ आणली ती तुमच्यासारख्यांनी. पत्रकातली वाक्यंच्या वाक्यं बाहेर पडत होती, विरामचिन्हांसकट. निनाद खाली बघत होता. शेंडीवाला पोरगा टेप हातात तशीच धरून उभा. माझा आवाज इतका चढला होता की बाबांनी पहिल्यांदा हाक मारली ती मला ऐकूच आली नाही.

"सुजू. बस."

मी थांबले.

"टेबल बरोबर आहे," बाबा म्हणाले. त्यांनी पिशवीतून आपली पोलादी पट्टी काढली होती आणि ती पोराच्या टेपेशेजारी धरली होती. "चूक माही आहे. तेवढी तं माह्यापाशी राहू दे."

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

मग त्यांनी त्या पोरांना पट्टी दाखवली. लोखंड तापलेलं असताना ओततात, गार होताना ते आकसतं, फुटामागं एक सूत. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात तेवढी मोठी असते. तिच्यावर 'एक फूट' लिहिलेलं असतं, पण तो फूट आणि एक सूत. तीस वर्षं त्यांनी तीच हातात धरली होती. कारखाना सोडताना तिथली हत्यारं भांडारात जमा केली; पटाशांची पेटी आणि ही पट्टी आपली, रोज घरी यायची ती कायमची आली. घरातली फळी, आईचं मांडणीचं कपाट, माझं लिहायचं मेज, सगळं त्याच पट्टीनं केलेलं, आणि ते एकमेकांत चपखल बसत होतं, म्हणून कधी कुणाला कळलं नाही. "प्लाय आकसत नाही," बाबा म्हणाले, "हे मले समजाले पायजे होतं. विटा रोज सांगून रायल्या होत्या. अडतीस गुंड्या म्हणजे साधा फूट. फट उरत होती ते माप खोटं होतं म्हनून. मी तिच्यात पट्टी भरून बसलो." शेंडीवाल्यानं पट्टी दोन्ही हातांनी घेतली, टेपेशी जुळवली आणि इतका वेळ बघत राहिला की निनादला ती काढून घ्यावी लागली. सगळ्यांनाच बघायची होती. "म्हणजे गार झाल्यावर काय होणार, हे आधीच धरून चालायचं?" त्यानं विचारलं. बाबा म्हणाले, "मंग. नाही तं काय कारागिरी?"

निनाद म्हणाला, "काका, सोपं आहे. टेबलाची पट्टी काढून फ्रेम मोठी करून घेतो. सुतार आपलाच आहे. चालेल."

"नाही चालत," बाबा म्हणाले. "दोन दिवस दे."

चोवीस तुकडे पुन्हा गाडीत चढले. येताना सिंहगड रस्त्यावर गर्दी होती. बाबा पुढं बसले होते, मांडीवर डोंगराचा एक तुकडा. मी मागं, पायाजवळ झोळी, झोळीत उरलेली पत्रकं.  निनादनं एकदा रेडिओ लावला आणि लगेच बंद केला. मी आयुष्यात पुष्कळ सभा हरले, निवडणूकही एकदा हरले. पण त्या गाडीतल्यासारखं गप्प बसणं मला पुन्हा जमलं नाही. मी विचार करत होते की पत्रकात मी त्यांच्याकडून काय काय काढून घेतलं. कारखान्यानं काम घेतलं होतं. उरलेलं मी घेतलं होतं, छापून, स्वच्छ छपाईत.

घरी पोचल्यावर आईनं तुकड्यांकडं बघितलं, बाबांच्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता भाकरी टाकायला घेतली. बाबांनी शर्ट बदलला. कॉटखालची पेटी ओढली, कोपऱ्यातल्या बाकाला पहिला तुकडा आवळला आणि कडेला रंधा लावला. प्लायची कड लवकर चिरफळते. धार जरा कमी असली की थर उचलला जातो. त्यांचा रंधा कागदासारखी पातळ साल काढत होता. सागाची ती पट्टी साल होऊन खाली पडली, माप बघितलं, बोट फिरवलं, तुकडा उलटवला, दुसरी कड. दार उघडं होतं. आळीतला एक भांडीवाला जाता जाता दारात थांबला आणि म्हणाला, "काय मास्तर, काय चाललंय?" बाबा मान वर न करता म्हणाले, "माप चुकलं होतं. काढून रायलो."

मी बराच वेळ उंबऱ्यात बसून राहिले. मग विचारलं, आणि विचारताना माझ्या लक्षात आलं की हे मी त्यांना पहिल्यांदाच खरोखर विचारते आहे. "बाबा, उद्या सभेला येता का?"

त्यांनी रंधा थांबवला. विचार केला.

"उद्या नाही जमत, सुजू. उद्या काम आहे मले."

सोमवारी संध्याकाळी फाटकासमोर दोनशेक माणसं होती. पत्रकांचा गठ्ठा मी झोळीतून काढलाच नाही. अण्णांनी तो मागितला, मी म्हणाले, देणार नाही, आणि का ते नंतर सांगते. त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी पुढं अनेक वर्षं बघणार होते. मग त्यांनी माईकवर सांगितलं की आता व्यवस्थेचा एक बळी आपल्याशी बोलेल. बाबांऐवजी मला माईकपाशी जावं लागलं. समोरच पॅटर्न शॉपची जुनी माणसं बसली होती, पहिल्या रांगेत माने काका.

मी म्हणाले, "बाबा आले नाहीत. त्यांना काम आहे."

कुजबुज झाली. अण्णा मागून हळूच म्हणाले, "अगं, हे काय बोलतेस?" माने काकांनी मान पुढं काढली. "कुठं लागला?" त्यांच्या आवाजात जी भूक होती ती मी कुठल्याच पत्रकात लिहिली नव्हती.

"घरीच आहेत," मी माईकवरच म्हणाले. "चोवीस तुकडे केलेत. प्रत्येक एक सूत जास्त झालाय. तेवढं उतरवतायत."

 मग माने काकांनी कपाळाला हात लावला. "च्यायला, कारखान्याची पट्टी धरली काय यानं!" आणि पहिली रांग हसायला लागली. मांडीवर थापा मारत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकत ती माणसं हसत होती, आणि मागच्यांना काही कळत नव्हतं म्हणून ते विचारत होते, आणि पुढचे मागं वळून वळून त्यांना समजावत होते की लोखंड आकसतं, पण लाकूड नाही. फाटकाच्या आतला रखवालदारसुद्धा जाळीपाशी येऊन ऐकत उभा राहिला. अण्णांची सभा मोडली होती. माने काका उठले, धोतराची माती झटकली आणि मला तिथूनच ओरडून म्हणाले, "त्याला सांग, एकट्यानं चोवीस करू नको. उद्या सकाळी मी येतो. साधी फूटपट्टी आहे माझ्याकडं."